वजन आटोक्यात, पोट हाताबाहेर

उंची 168 सेंटिमीटर, वजन 68 किलो, वय पंचेचाळीसच्या पुढे. बेळगावच्या खासबाग-वडगाव भागात असा यंत्रमागवाला शोधायला फार फिरावं लागणार नाही. हातपाय बारीक, खांदे उतरते आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. 'जरा पोट बघा' म्हटलं की उत्तर तयार असतं, “वजन बरोबर हाय माझं. रोज डेपोत चालायला जाऊलालोय की!” डेपो म्हणजे टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. तिथं सकाळी झाडांखालून चालणाऱ्यांमध्ये या बांध्याची माणसं भरपूर दिसतील.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की त्याचा बीएमआय 24 येतो, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात 25च्या खाली सगळं ठीक असतं. पण हा तक्ता मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आकडेवारीवर बेतलेला आहे. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी 23 पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. 2009 मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यापुरती रेषा ठरवली: 23 पासून अतिवजन, 25 पासून लठ्ठपणा, आणि पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत. म्हणजे जेमतेम साडेपस्तीस इंच. इथं कुणी पँटचा नंबर सांगू नये. पँट पोटाखाली सरकते, टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची असते, तीही पोट आत न ओढता.

बीएमआय किती फसवतो याचा सगळ्यात मजेदार पुरावा दोन डॉक्टरांनी स्वतःचंच शरीर मोजून दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, दशांशापर्यंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो आणि हे आकडे छापून आले. फोटोत दोघंही सडसडीतच दिसतात.

जास्तीची चरबी नुसती असण्यापेक्षा ती कुठं बसते हे महत्त्वाचं. खानापूरकडच्या जुन्या घरांत भाताची कणगी असायची. कणगी मोठी असेल तर पीक कितीही येवो, घर नीटनेटकं राहतं. ती लहान असेल तर पोती सोप्यात, माजघरात, जिन्याखाली, मिळेल तिथं. त्वचेखालचा चरबीचा थर ही आपली कणगी, आणि दक्षिण आशियाई पुरुषात ती लवकर भरते असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. उरलेली चरबी मग आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंच्या पेशींत जाऊन बसते. येल विद्यापीठातल्या गटानं 2006 मध्ये सडपातळ, निरोगी, सिगारेट न ओढणारे तरुण पुरुष तपासले, तेव्हा भारतीय वंशाच्या तरुणांच्या यकृतात गोऱ्या तरुणांच्या साधारण दुप्पट चरबी आढळली. यकृत आणि स्नायू असे तेलकट झाले की इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाचं, ऐकेनासे होतात. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 सालच्या अहवालानुसार देशात 10.1 कोटी लोक मधुमेही आहेत.

साठण्याची बाजू झाली. जळण्याचं काय?

चरबी जळते म्हणजे नेमकं काय होतं, हे प्रयोगशाळेत फार सुरेख बघता येतं. माणसाच्या तोंडा-नाकावर घट्ट मास्क, खाली ट्रेडमिल किंवा सायकल, आणि मास्कच्या नळीतून किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला याची सतत नोंद. ग्लुकोजचा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे 6 रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचेही 6च बाहेर पडतात, गुणोत्तर बरोबर 1. पामिटिक आम्ल हे चरबीतलं एक नेहमीचं मेदाम्ल. त्याला 23 रेणू ऑक्सिजन लागतो आणि 16 रेणू कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे गुणोत्तर 0.7. पडद्यावर 0.85 दिसलं तर समजायचं, चरबी आणि साखर जवळपास निम्मी-निम्मी जळते आहे. चाल वाढवत नेली की आकडा हळूहळू 1कडे सरकतो, कारण घाईच्या वेळी स्नायू साखरेकडे वळतात. चरबीतून ऊर्जा जास्त मिळते, पण सावकाश, आणि त्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजनही थोडा जास्त खर्च होतो.

यातून एक खुलासा आपोआप होतो. जळलेली चरबी शरीराबाहेर जाते ती मुख्यतः नाकावाटे. 10 किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर जाते आणि 1.6 किलो पाण्याच्या. पोटाला प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून घामाघूम होणाऱ्यांचा घाम जातो, पैसे जातात, चरबी जागेवरच. जिममधल्या यंत्रावरच्या 'फॅट बर्न' बटणाचंही थोडं तसंच. कमी वेगात चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण मुळात खर्चच लहान असतो. सवय नसलेला जाडसर पुरुष मध्यम चालीनं मिनिटाला पाव ग्रॅमच्या आसपास चरबी जाळतो असं धरलं, तर अर्ध्या तासात साडेसात ग्रॅम झाली, म्हणजे साधारण 70 कॅलरी. फिरून परतताना गोड चहा आणि दोन-चार बिस्किटं पोटात गेली की हिशेब बरोबरीत. कुंदा या बेळगावी मिठाईचं तर नावच काढू नका.

ग्लासगो विद्यापीठातल्या गटानं हीच मास्कची चाचणी घेऊन 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तिथले 20 दक्षिण आशियाई पुरुष होते आणि त्यांच्याशी वय, बांधा जुळणारे 20 गोरे पुरुष. मोजल्या दोन गोष्टी. पहिली, कमाल ऑक्सिजन क्षमता: जीव तोडून पळताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. तालमीतले वस्ताद ज्याला दमसास म्हणतात, त्याचं हे माप. दुसरी, ज्याच्या-त्याच्या क्षमतेच्या सारख्याच टक्क्यांवर व्यायाम करताना किती चरबी जळते. दोन्हींत दक्षिण आशियाई पुरुष मागे पडले, आणि थोडेथोडके नव्हे. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही त्यांच्यात कमी होता, आणि त्याचा संबंध दमाशी आणि चरबी जाळण्याच्या क्षमतेशी जुळला.

एवढं वाचून 'आपली मशीनच खराब' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्याच संशोधकांनी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून पाहिला, तेव्हा ऑक्सिजन वापरणाऱ्या आणि चरबी हाताळणाऱ्या जनुकांच्या कामात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. त्याआधी 2008 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाला तर भारतीयांच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, गोऱ्यांपेक्षा जास्त ऊर्जा तयार करू शकतात असं दिसलं. इन्सुलिनला दाद न देणारी माणसं, आणि ऊर्जाकेंद्रं मात्र ठणठणीत! मला हा सगळ्या कथेतला सर्वांत रोचक भाग वाटतो. जाळायची सोय आहे, पण एकूण स्नायूच कमी आणि ते वापरायची सवय त्याहून कमी.

स्नायू कमी का, याचं एक उत्तर आईच्या पोटात आहे. याज्ञिकांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची आणि पुढं त्यांच्या मुलांची पाहणी केली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. काटकुळा पण चरबीदार हा बांधा असा पाळण्यातच दिसतो. या धाग्याचं एक टोक बेळगावातही आहे. गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून आईला पूरक आहार दिला तर काय होतं हे तपासणारा 'विमेन फर्स्ट' हा प्रयोग चार देशांत झाला. काँगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारत, आणि भारतातलं ठिकाण बेळगाव. 2019 मध्ये निष्कर्ष आले. आहार मिळालेल्या आयांच्या बाळांची वाढ सुधारली होती, आणि गर्भधारणेआधीपासून सुरुवात केलेल्या गटात फायदा अधिक होता.

'दक्षिण आशियाई' या एका रकान्यात पंजाबी, तमिळ, बांगलादेशी, गुजराती सगळे कोंबलेले असतात, हे असे अभ्यास वाचताना ध्यानात ठेवायला हवं. सीमाप्रश्नावर एरवी तावातावानं बोलणारे मराठी आणि कानडी शेजारी इथं न भांडता एकाच गटात बसतात. आशियाई आशियाईतही फरक असतोच. सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या पुरुषांची तुलना झाली. सडपातळ पुरुषांत भारतीयांचा इन्सुलिनला प्रतिसाद बाकी दोघांपेक्षा कमी निघाला. जाड पुरुषांत मात्र हा फरक पुसला गेला, कारण वजन वाढल्यावर चिनी आणि मलयही आपल्या पंक्तीला येऊन बसले. याचा अर्थ वंशाचा तोटा बारीक असतानाच जास्त बोचतो. आपला 68 किलोचा यंत्रमागवाला बेफिकीर राहतो तो नेमका तिथंच.

व्यायाम किती करायचा, याचंही गणित त्यामुळं बदलतं. जगभरचा सल्ला आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. गोऱ्या माणसाला 150 मिनिटांत जेवढं संरक्षण मिळतं तेवढं मिळवायला दक्षिण आशियाई पुरुषाला सुमारे 230 मिनिटं लागतात, असा अंदाज ग्लासगोच्याच संशोधकांनी 2016 मध्ये मांडला. रोजची 33 मिनिटं झाली. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशी चाल. डेपोत दोघं-तिघं हात मागे बांधून राजकारणावर बोलत जातात, ती या हिशेबात धरू नये. मागांमधून दिवसभर चाललेली ये-जाही नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ न थांबता चढला तर ती मिनिटं जरूर मोजावीत. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका, कारण साखर आणि चरबी दोन्ही रिचवणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायूच.

सराव केला तर हे बदलतं, याबद्दल शंका नको. 1967 मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना 12 आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या ऊर्जाकेंद्रांची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. माणसांतही तसंच घडतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती होणारी पोरं याच मातीतली, याच बांध्याची असतात, आणि तालीम सुरू झाल्यावर काही महिन्यांत दमात कुणाला हार जात नाहीत. उलटं उदाहरण कुस्तीतलं. आनंदवाडीच्या आखाड्यात ज्याचा बीएमआय 30 भरेल तो पैलवान ऐन उमेदीत आजारी नसतो, त्याचं वजन स्नायूंचं असतं. कुस्ती सुटते आणि खुराक सुटत नाही, तेव्हा घात होतो. सराव बंद झाल्यावर दम दोन-चार आठवड्यांतच घसरू लागतो.

आणि वजन हललंच नाही तर? चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांना सुमारे तीन वर्षं पाहिलं आणि 2006 मध्ये निकाल मांडला. चालणं आणि खाण्यातले बदल एवढ्यावर मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या गोळीनं 26.4 टक्क्यांनी. बदल पाळणाऱ्यांचं वजन या काळात फारसं कमी झालेलं नव्हतं.