स्वागत समारंभ: पंगतीपासून व्यासपीठापर्यंत

लग्नाच्या संध्याकाळचा स्वागत समारंभ हा मराठी समाजात तसा अलीकडचा. पत्रिकेवर तो आता मुहूर्ताइतकाच ठळक छापतात, पण त्याला ना धर्मशास्त्रात जागा आहे ना कुळाचारात. शहरातल्या नोकरदार जगण्यातून तो आला. पाहुणा त्यातून समाधानाने घरी जातो की पाकीट देऊन सुटका करून घेतो, हे कशावर ठरतं ते कळायला आधी पंगतीकडे जायला हवं. कारण पाहुण्याला खूश करण्याचं काम त्यापूर्वी पंगत करत होती.

दारी मांडव घालून चार-पाच दिवस चालणाऱ्या लग्नात करमणुकीचा वेगळा कार्यक्रम नसायचा. जेवण हाच कार्यक्रम. पानाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे वरणभाताची मूद आणि वर तुपाची धार. 'वदनी कवळ घेता' झाल्यावर कुणी खड्या आवाजात श्लोक म्हणायचं, नवरा-नवरी घास देताना नाव घ्यायची, जिलबीच्या पैजा लागायच्या. वाढायला घरचीच आणि शेजारची मुलं. विहिणीची पंगत तर वेगळ्याच थाटाची: चांदीचं ताट, पाटाभोवती महिरप आणि तिला उद्देशून गायलेलं 'विहीण' हे गाणं. पंगत अर्ध्यावर आली की यजमान हात जोडून ओळीतून फिरायचा, 'सावकाश होऊ द्या' म्हणायचा आणि एखाद्या पानावर स्वतः जिलबी ठेवायचा. या फेरीत प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला यजमानाची नजर आणि दोन शब्द यायचेच. माझ्या मते पंगतीचा खरा आनंद या फेरीत होता.

हे आदरातिथ्य आपसूक होत नसे. 1783 मध्ये पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं, तेव्हा नाना फडणविसांनी त्याची व्यवस्था तपशीलवार यादी करून लावली होती. ऐपत नसलेल्या घरातही कोण वाढणार, कोण पाणी बघणार, रुसलेल्या पाहुण्याला कोण समजावणार हे आधी ठरलेलं असे.

पण याच पंगतीने माणसं बाहेरही ठेवली, आणि हे विसरून तिचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. शेजारच्या पानावर कोण बसणार हे जातीने ठरायचं. पुरुष आधी जेवायचे, बायका मागून, आणि काहींच्या वाट्याला मांडवाबाहेर उरलेलं अन्न यायचं. पंगतीतून उठवणं हे बहिष्काराचं सर्वांत सोपं हत्यार होतं. 1869 मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला, तेव्हा त्याला साथ देणाऱ्यांवर बहिष्कार पडला. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्या. रानडे, टिळक आणि इतरांपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी ही गोष्ट वर्तमानपत्रातून उघड केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कपाची ही किंमत होती! 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यासोबत सभेत बसायचंही नाही असं ठरवलं. यापूर्वीच, 25 डिसेंबर 1873 रोजी, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात पहिलं लग्न लावून वेगळी वाट दाखवली होती.

स्वागत समारंभाची गरज नेमकी इथे उभी राहिली. मुंबई-पुण्यात कचेरी, गिरणी, शाळा, चाळ यांतून नवी ओळखपाळख वाढली होती. साहेब पारशी, शेजारी गुजराती, मित्र ख्रिस्ती. त्यांना सोवळ्यातल्या पंगतीला बोलावणं अवघड आणि न बोलावणं त्याहून अवघड. संध्याकाळी दिवाणखान्यात किंवा सभागृहात खुर्च्या मांडल्या, हाताला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, पेढा आणि गुलाबाचं फूल दिलं की कुणाच्या सोवळ्याला धक्का लागत नसे. मुहूर्तही बहुधा कामाच्या दिवशी असायचा. कचेरी सुटल्यावर माणूस येऊन भेटून जाऊ शकायचा. नोंदणी विवाह करणाऱ्यांना तर लोकांसमोर येण्याचा हाच एक प्रसंग होता. ज्यांना पंगतीत शेजारी बसवलं गेलं नसतं, ते इथे एका ओळीतल्या खुर्च्यांवर बसू लागले. समारंभाचा हा वारसा मला फार मोलाचा वाटतो.

खाणं मात्र आटलं, आणि त्यामागे सरकारी कारणं होती. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, मुंबईत शिधावाटप सुरू झालं. स्वातंत्र्यानंतरही धान्यटंचाई सरली नाही. अनेक राज्यांनी पाहुण्यांच्या संख्येवर आणि वाढायच्या अन्नावर मर्यादा घालणारे आदेश काढले. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं आणि असंख्य मराठी घरांनी ते पाळलं. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. अशा काळात साग्रसंगीत जेवणावळ घालणं शोभतही नव्हतं आणि परवडतही नव्हतं. मग कागदी बशीत आइस्क्रीमची वडी, बटाट्याचे वेफर्स, कधी सामोसा, वर कॉफी एवढ्यावर मध्यमवर्गीय रिसेप्शन होऊ लागलं. साठी-सत्तरीतल्या लोकांना विचारा, त्यांना ते दिवस मजेचे आठवतात. खायला कमी होतं, पण खाऊन झाल्यावर लोक उठत नव्हते. सनईची रेकॉर्ड हळू आवाजात लावलेली असायची, त्यामुळे बोलणं ऐकू यायचं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत हाती पैसा आला, केटरर आले आणि स्वरुची भोजन आलं. त्याने जातीची ओळ मोडली, बायकांचं मागून जेवणं संपवलं आणि प्रत्येकाला हवं तेवढं घ्यायची मोकळीक दिली. हे तीनही फायदे मोठे आहेत. पण यजमानाची ती फेरी बंद पडली. जेवण एका कोपऱ्यात, यजमान दुसऱ्या कोपऱ्यात. तोपर्यंत व्यासपीठही उंच झालं होतं: त्यावर सिंहासनासारख्या खुर्च्या, समोर छायाचित्रकार आणि पुढे व्हिडिओवाला. वधू-वरांना भेटायला रांग लागली आणि भेट म्हणजे कॅमेऱ्याकडे बघण्याचे दहा सेकंद उरले. ज्यांच्यासाठी लोक येतात ते दोघं पूर्ण संध्याकाळ जेवत नाहीत, बसत नाहीत आणि कुणाशी बोलत नाहीत, हे मला आजच्या रिसेप्शनचं सर्वांत मोठं अपयश वाटतं. त्यात डीजे आला की उरलेलं बोलणंही थांबतं.

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ इथल्या गावाकडच्या लग्नांत व्यासपीठाने वेगळं रूप घेतलं. तिथे मान्यवरांचे सत्कार, फेटे, टोपी-टॉवेल आणि आशीर्वादपर भाषणं अक्षता पडण्याआधीच सुरू होतात. उन्हात लेकरांना घेऊन बसलेल्या बायांना त्याचा काय आनंद? त्याच गावांत भाषणं संपल्यावर बसणाऱ्या पंगतीत मात्र गावची पोरं बुंदीच्या बादल्या घेऊन धावतात आणि म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या निर्बंधांखाली राज्यात लग्नाला 25 माणसं आणि 2 तास एवढीच परवानगी होती; नियम मोडला तर दंड 50,000 रुपये. अनेकांच्या वाट्याला त्यात दुःखच आलं, जवळची माणसंही दूर राहिली. तरीही त्या छोट्या लग्नांतली नवरा-नवरी पाहुण्यांबरोबर बसून जेवली. त्यातून काही घरांनी पुढे बोध घेतला. आता पुण्या-मुंबईत दोन तासांची रांग लावण्याऐवजी वधू-वर खाली उतरून टेबलाटेबलाशी जातात असे समारंभ दिसू लागले आहेत. फोटो आधीच उरकून घेतात. ज्येष्ठांसाठी टेबल-खुर्चीवर एक पंगत ठेवतात आणि निदान जिलबीचा फेरा तरी केटररच्या माणसांकडे न देता मामा, आत्या, करवल्या हातात ताट घेऊन स्वतः करतात.