पाणी आहे म्हणजे पीसी गार?

‘जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत गेमिंग पीसीला लिक्विड कूलरच हवा, पाणी गार करणारच,’ असा मेसेज उन्हाळ्यात हमखास फिरतो. समज साहजिक आहे. घरातला डेझर्ट कूलर पाण्यानेच तर हवा गार करतो. पण तिथे ओल्या वाळ्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. पीसीतल्या नळ्या बंद. त्यातलं पाणी प्रोसेसरची उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेतं, पुढे पंखा ती खोलीतल्याच हवेत सोडतो. पीसीच्या साध्या, पंख्याच्या एअर कूलरमध्ये हेच काम तांब्याच्या नळ्या आणि पत्र्या करतात. त्यामुळे खोली ४० अंशांवर असेल, तर दोघांपैकी कोणीही प्रोसेसर ३८वर आणू शकत नाही.

पडताळायचंय? पंख्याचा वेग कायम ठेवून तोच गेम पहाटे आणि भर दुपारी अर्धा अर्धा तास चालवा. दोन्ही वेळी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. त्याच कूलरवर पहाटेचा आणि दुपारचा फरक जवळपास सारखाच येईल, मग कूलर कुठलाही असो.

जास्त वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला मोठा रेडिएटर उपयोगी पडतो, हे खरं. पण पैसे खर्च करण्याआधी कॅबिनेटची जाळी उघडून बघा. आपल्याकडे तिथे धुळीबरोबर कापसाचे तंतूही अडकलेले सापडतात.