शंभर द्रम्म, शंभर पक्षी

३ द्रम्मांना (द्रम्म म्हणजे त्या काळचे नाणे) ५ कबुतरे, ५ द्रम्मांना ७ सारस, ७ द्रम्मांना ९ हंस आणि ९ द्रम्मांना ३ मोर. १०० द्रम्मांत चारही जातींचे मिळून बरोबर १०० पक्षी आणायचे, तर कोणते किती? भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ या ग्रंथातले हे उदाहरण. शाळेतल्या नियमाने ते सुटायलाच नको: अव्यक्त संख्या चार आणि समीकरणे दोनच, एक पक्ष्यांचे, एक पैशांचे.

पण अर्धा मोर कोणी विकत नाही. उत्तर पूर्णांकच हवे, ही न लिहिलेली अट इथे समीकरणाइतकीच कामाची ठरते.

पक्षी ठरलेल्या गटानेच मिळतात असे धरू. कबुतर, सारस, हंस, मोर यांचे गट अनुक्रमे क, स, ह, म.

५क + ७स + ९ह + ३म = १००
३क + ५स + ७ह + ९म = १००

वजाबाकी करून दोनने भागले की क + स + ह = ३म. हे पहिल्या समीकरणात वापरले की उरते ९म + स + २ह = ५०.

आता म = ६ घेतला तर ९म एकटाच ५४ होतो. म = ३ घेतला तर स + २ह = २३ हवे; पण स + ह फार तर ९, त्यामुळे स + २ह १८ च्या पुढे जातच नाही. म आणखी लहान घेतला तर तूट वाढतेच. म्हणजे मोरांचे गट ४ किंवा ५. म = ४ असताना क = ह – २ येते आणि चार उत्तरे मिळतात; त्यातले एक, १५ कबुतरे, २८ सारस, ४५ हंस, १२ मोर. म = ५ असताना आणखी दोन. एकूण सहा, आणि सहाही बरोबर. एकाच उत्तराची सवय लागलेल्या मुलांना असे उदाहरण वर्गात जरूर सोडवायला द्यावे.

आकडे मोठे असले की अशी चाचपणी पुरत नाही. त्यासाठी आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास कुट्टकाची रीत दिली. उदाहरणार्थ, ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या किती, लोटलेले पूर्ण दिवस किती, दोन्ही अज्ञात. हाती फक्त उरलेली बाकी. अशा वेळी मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, लहानीला बाकीने, असे करत जायचे. आकडे इतके लहान होतात की उत्तर नजरेनेच सापडते. मग त्याच पायऱ्यांनी उलटे मूळ संख्यांपर्यंत यायचे.