यजमान कुटुंबातील परदेशी शालेय वर्ष

साधारण १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींनी परदेशातील शाळेत एक वर्ष किंवा सहामाही शिकायचे आणि त्या काळात वसतिगृहात न राहता तिथल्या एखाद्या कुटुंबात घरचे मूल म्हणून राहायचे, अशी ही प्रथा आहे. बोलण्यात ‘एक्स्चेंज’ आणि ‘होस्ट फॅमिली’ हेच शब्द चालतात. ग्रामीण विदर्भात ती अजून विरळ आहे. ज्या घरात ही गोष्ट निघते, तिथे पहिला प्रश्न शाळेचा नसतो. “मायबाई, पोरगी लोकाच्या घरी वर्षभर कशी राहीन?” हा असतो. प्रश्न अगदी नेमका आहे, कारण या प्रथेत घर हेच मुख्य आहे, शाळा त्यानंतर येते.

लोकाच्या घरी जेवून शिकणे आपल्याकडे जुने आहे. वार लावून शिकणारा विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे. पुढे तालुक्याच्या गावी मामाकडे किंवा आत्याकडे मूल ठेवण्याची रीत आली. आता दहावी झाली की अकोल्याला किंवा नागपूरला नीट-जेईईच्या क्लाससाठी खोली आणि मेसचा डबा हे ठरलेलेच असते. जवाहर नवोदय विद्यालयांची व्यवस्था तर या प्रथेच्या आणखी जवळची आहे. देशातील पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीचे. तिथे सहावीपासून मुले निवासी राहतात आणि नववीत सुमारे ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयात पाठवतात. म्हणजे १४ वर्षांचे मूल वर्षभर परक्या भाषेत राहून सुखरूप परतते, हे विदर्भातील कितीतरी शेतकरी कुटुंबांनी पाहिलेले आहे.

परदेशातील यजमान घराचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली वयाच्या १८व्या वर्षी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. आधी दोघींची ओळख केवळ पत्रांतून होती. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये मायदेशी वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यातील दफनभूमीत ठेवली आहे.

संघटित स्वरूपात ही प्रथा विसाव्या शतकात वाढली. एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) ही मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, तिने शाळकरी मुलांची ये-जा सुरू केली. रोटरीच्या युवा विनिमयात वर्षभरात सहसा एकाहून अधिक घरी राहावे लागते. यजमान पैसे घेत नाहीत, मात्र विमानभाडे, विमा आणि व्हिसा यांचा खर्च पालकांचा. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने २००२ मध्ये स्थापन केलेल्या केनेडी-लुगर ‘येस’ शिष्यवृत्तीत सगळा खर्च अमेरिकी सरकारचा असतो, आणि तिच्या देशांच्या यादीत भारत आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, शाळेसाठी नाही. गावात या दोन्हींची नेहमी गल्लत होते.

याहून वेगळा प्रकार विकतच्या ‘होमस्टे’चा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये यजमानाला महिन्याचे किंवा आठवड्याचे पैसे द्यावे लागतात आणि शाळेची फी वेगळी. हा खर्च कोरडवाहू शेतीला झेपणारा नाही. यासाठी वावर गहाण टाकू नये, असे इथे स्पष्टच लिहायला हवे. एका वर्षाच्या अनुभवासाठी पाच एकर अडकवण्याइतके त्यात काही नाही.

ग्रामीण कुटुंबाची खरी दमछाक कागदांत होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, आईचे नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. हे आधी सारखे करावे लागते. विदर्भाचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे, पण आता अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी टपाल कार्यालयातच सेवा केंद्र आहे. १८ वर्षांखालील अर्जाला आईवडील दोघांची संमती लागते. एकट्या आईलाही अर्ज करता येतो, त्याचा नमुना वेगळा आहे. उत्पन्न दाखवणे त्याहून अवघड. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे एकदम येतो आणि उन्हाळ्यात खाते रिकामे असते. म्हणून सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या वर्षभर जपून ठेवाव्यात. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत मुंबईला. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बापलेक रांगेत उभे, असा तो दिवस असतो.

बॅग भरणे हा आईचा प्रांत. तिखट, पापड, कुरडया, मेतकूट जाते. संत्री नेता येत नाहीत, ताजी फळे अमेरिकेत आणण्यास बंदी आहे. नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ तिथे उतरल्यावर जाहीर करावा लागतो.

यजमान घरातले पहिले पंधरा दिवस सगळ्यांत कठीण. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचे आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचे. तिथे एकदा ‘नको’ म्हटले की वाडगे पुढच्या माणसाकडे जाते. पोर लाजत म्हणते ‘नको’, आणि रात्री कुरडयांची पिशवी कोरडीच खात बसते. यजमान बाईला नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही, तेव्हा काहीजणी सरळ ‘मावशी’ म्हणू लागतात. काम मात्र करावेच लागते. आपली भांडी, आपले अंथरूण, अंगणातले बर्फ. ज्या मुलीने घरी झाडलोट केली आहे, चुलीपुढे बसली आहे, तिला हे सोपे जाते, आणि गावच्या मुलांची ही बाजू भक्कम असते. इंग्रजी कच्चे असते, पण सेमी इंग्रजी शाळेतून आलेले मूल गणित-विज्ञानात अडत नाही.

फोनचे गणितही जमवावे लागते. हिवाळ्यात यवतमाळला सकाळचे ७ वाजतात तेव्हा शिकागोत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७.३० झालेले असतात. इकडे चहा, तिकडे रात्रीचे जेवण. पहिले काही आठवडे रोज फोन करण्यापेक्षा रविवारचा एक लांब फोन बरा. रोज आईचा आवाज ऐकणारे मूल त्या घरात रुळायला जास्त वेळ घेते.

सुरक्षेबाबत संकोच नको. अमेरिकेच्या विनिमय कार्यक्रमात यजमान घरातील प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक आहे, आणि स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी बोलले पाहिजे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची विद्यार्थ्यांसाठी मदतवाहिनीही आहे. तो क्रमांक निघण्यापूर्वी मुलाला पाठ असावा. घर बदलून मागण्यात काही कमीपणा नाही. “सांभाळून घे” हा आपल्या घरांतला नेहमीचा सल्ला इथे देऊ नये. मूल म्हणत असेल की इथे बरे वाटत नाही, तर त्याच दिवशी समन्वयकाला कळवावे.

परतल्यावर अकरावीचा प्रश्न उभा राहतो. बहुतेक मुले दहावीनंतर जातात, त्यामुळे वर्ष मागे पडते, आणि वर्गमित्र बारावीत असताना आपण अकरावीत बसायचे, हे चुलत्यांच्या टोमण्यांसकट सोसावे लागते. परदेशातच शालान्त प्रमाणपत्र मिळवलेल्यांना भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र लागते. एका वर्षाच्या गुणपत्रकाला किती किंमत द्यायची, हे निघण्यापूर्वीच आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाकडून लेखी घेतलेले बरे.