दुसरं इंजिन बसवायचं तर हिशोब हवेपासून

गाडीत दुसरं इंजिन टाकायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: बोनेटखाली मावेल का? त्याचं उत्तर मोजपट्टी देते, आणि थोडी कापाकापी, नवी माउंटिंग, वेगळ्या आकाराचा ऑइल संप यांवर ते बहुतेक वेळा निभावतंही. खरी अडचण त्यानंतरची. क्लच, गिअरबॉक्स, इंजेक्टर, रेडिएटर, सेन्सर हे सगळे भाग जुन्या इंजिनाच्या ताकदीला धरून घडवलेले असतात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे अंदाजाने ठरवलं तर खर्च दुप्पट होतो. माझ्या मते याची सुरुवात हवेपासून करावी. इंजिन मिनिटाला किती हवा ओढणार हे एकदा कळलं की बाकीचे बरेचसे आकडे त्यातून निघत जातात.

दोन लिटरचं, चार स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन घेऊ. यात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो, म्हणजे सगळे मिळून एका फेरीला एक लिटर. 6,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर, सेकंदाला 100 लिटर हवा आत जाते, तिचं वजन साधारण 120 ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते, तेव्हा एवढ्या हवेत सेकंदाला आठ ग्रॅमच्या थोडं वर पेट्रोल जळू शकतं. ग्रॅमला सुमारे 43 किलोज्यूल ऊर्जा धरली तर हे झाले 350 किलोवॉट. त्यातले 30 टक्के क्रँकशाफ्टला मिळाले तरी उत्तर येतं 105 किलोवॉट, म्हणजे 140 हॉर्सपॉवर. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं आपण इथे धरलंय, तरीही रस्त्यावरच्या बऱ्याच दोन लिटर इंजिनांची ताकद याच्या आसपासच असते. उरलेली सगळी उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते, तिच्याकडे पुढे येऊ.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जास्त ताकद हवी तर जास्त हवा जाळायला हवी, आणि त्याचे मुख्य रस्ते तीनच: मोठं इंजिन, जास्त आरपीएम किंवा टर्बोने दाबून भरलेली हवा.

आरपीएमचा रस्ता वरून स्वस्त वाटतो. 86 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वरखाली प्रवासाच्या) इंजिनात 6,000 आरपीएमवर, पिस्टन सगळ्यात वर पोहोचतो त्या क्षणी, अर्धा किलोचा पिस्टन कनेक्टिंग रॉडला जवळपास 11,000 न्यूटनने ओढतो. म्हणजे एक टनाहून जास्त वजन रॉडला टांगल्यासारखं झालं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 7,000 वर तोच 15,000 न्यूटन होतो. म्हणून ईसीयूमधली (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली) आरपीएमची मर्यादा वर नेण्याआधी रॉडचे बोल्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. स्प्रिंग मऊ पडली तर व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याच्यासाठी थांबत नाही.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलतानाही हीच धास्ती असते. व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम जागेवर छान बसतो, पण आत व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरली ते बाहेरून दिसत नाही. ती तपासण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापायची, हेड बसवून बोल्ट आवळायचे आणि क्रँकशाफ्ट हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. हेड काढलं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. तो पात्याने उभा कापून सगळ्यात पातळ जागी जाडी मोजायची. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला सुमारे दोन मिलिमीटर आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा ठेवण्याचा प्रघात आहे. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि त्यामुळे लांबतो, म्हणून त्याला जास्त.

टर्बोची किंमत तापमानात मोजावी लागते. 25 अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली तर चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती 115 ते 120 अंशांवर बाहेर पडते. अशी हवा विरळ असते, म्हणजे दाबण्याचा फायदा थोडा तिथेच गेला. शिवाय हवा-पेट्रोलच्या तापलेल्या मिश्रणात ज्योत पोहोचण्याआधीच कडेचा भाग आपोआप पेट घेतो आणि इंजिनात खणखण आवाज येतो. ही नॉकिंग चालू राहिली तर पिस्टनच्या कडा फुटतात. म्हणून टर्बोसोबत ही हवा थंड करणारा इंटरकूलर, कमी कॉम्प्रेशन रेशोचे पिस्टन, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि मागे घेतलेलं इग्निशन टायमिंग (थोडी उशिरा पाडलेली ठिणगी) यांचा एकत्रच विचार करावा लागतो.

आता इंधन. समजा 150 किलोवॉटचं उद्दिष्ट आहे. पूर्ण ताकदीवर किलोवॉट-तासाला 300 ग्रॅम पेट्रोल धरलं तर तासाला 45 किलो, म्हणजे सुमारे 60 लिटर, मिनिटाला एक लिटर. पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरमध्ये वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला 250 सीसी. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून घ्यायचे ते 315 सीसीच्या आसपासचे. टर्बो असेल तर आणखी मोठे, कारण तिथे मिश्रण मुद्दाम दाट ठेवतात. लहान इंजेक्टरचा धोका असा की रोजच्या चालवण्यात काहीच जाणवत नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र मिश्रण पातळ पडतं, सिलिंडर तापतो आणि पिस्टन वितळतो. इंधनाचा दाब वाढवून भागेल असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तीनचा दाब चार बार केला तरी जेमतेम 15 टक्के जास्त पेट्रोल मिळतं, आणि पंपावरचा ताण वाढतो तो वेगळाच.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तो सांधा मला सगळ्यात फसवा वाटतो. बेलहाउसिंगची (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या कवचाची) भोकं जुळली म्हणजे काम झालं, असं नाही. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत, आणि त्यातला फरक साधारण 0.13 मिलिमीटरच्या आत ठेवतात. त्यासाठी गुळगुळीत डॉवेल पिना असतात, कारण बोल्ट नुसता आवळतो, केंद्र राखत नाही. क्लच प्लेटच्या मधल्या भोकाचे दांते इनपुट शाफ्टच्या दांत्यांशी जुळायला हवेत, आणि शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचायला हवं.

भागांची नावं किंवा कुळ सारखं असल्यावर सावध राहावं. शेव्हरलेटचं स्मॉल-ब्लॉक व्ही-8 1955 मध्ये आलं. त्यातल्या 1970च्या दशकातल्या 350 घनइंच इंजिनाला त्याच काळातल्या 400 घनइंचाचं फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) सहज बसतं. पण 400चा तोल राखणारं काही वजन त्या फ्लायव्हीलमध्येच असतं, तर 350चा तोल आतल्या आत साधलेला असतो. बोल्ट बसतात, इंजिन सुरू होतं, आणि थरथरत बेअरिंग झिजवत राहतं. पुढे 1986 मध्ये त्याच इंजिनाचं मागचं ऑइल सील अखंड झालं, तेव्हा क्रँकच्या टोकाची बोल्टची आखणीही बदलली, आणि जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकला बसेनासं झालं. होंडाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. बी-मालिकेची इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत. 2001 मध्ये आलेली के-मालिका काट्यांच्या दिशेने फिरते. जुन्या गिअरबॉक्सला ती जोडायचा विचारच सोडावा लागतो.

क्लचची क्षमताही मोजता येते. प्लेटच्या दोन घर्षण-बाजू, घर्षणांक 0.3, प्रेशर प्लेटचा दाब 8,000 न्यूटन आणि सरासरी त्रिज्या 10 सेंटिमीटर यांचा गुणाकार 480 न्यूटन-मीटर होतो. नव्या इंजिनाचा टॉर्क याच्या जवळ जात असेल तर क्लच घसरणारच. त्यापुढे पहिल्या गिअरचं 3.5 आणि डिफरन्शिअलचं 4 हे गुणोत्तर धरलं तर इंजिनाचे 300 न्यूटन-मीटर एक्सलवर 4,200 होतात. एक्सल कधी तुटतील हे त्या आकड्याकडे पाहून ठरवावं.

आधुनिक इंजिनात यांत्रिक भाग जुळूनही गाडी सुरू न होण्याचं कारण अनेकदा तारांमध्ये सापडतं. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत क्रँकशाफ्टवर एक दातेरी चकती असते आणि तिच्या दात्यांवरून ईसीयूला पिस्टनची जागा कळते. सुरुवातीच्या इंजिनांत ही चकती 24 दात्यांच्या पद्धतीची होती, नंतरच्यांत 58 दात्यांची आली. 24ची सवय असलेल्या ईसीयूला 58चे ठोके मिळाले तर त्याला पिस्टनची जागा ओळखता येत नाही, आणि ठिणगी पडत नाही. चकती बदलायची तर क्रँक बाहेर काढावा लागतो. म्हणून इंजिन घेतानाच त्याचा ईसीयू, संपूर्ण वायरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल एकत्र घेणं शहाणपणाचं. इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर किल्लीही. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा मोह टाळावा. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्याच भरवशावर मिश्रण सांभाळतो, आणि प्रदूषणाचे नियमही आडवे येतात.

आता ती उरलेली उष्णता. ढोबळमानाने जेवढी ताकद क्रँकवर मिळते तेवढीच उष्णता कूलंटमध्ये जाते. 105 किलोवॉटसाठी बनवलेला रेडिएटर 200 किलोवॉटच्या इंजिनाला गावातल्या संथ चालीत पुरेल. लांब चढावर पूर्ण जोर लावला की काटा लाल रेषेकडे सरकेल. ब्रेकचंही तसंच. 100ऐवजी 140 किलोमीटर वेगाने गाडी धावली की ब्रेकना जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. मोठ्या डिस्क आणि कॅलिपर लावले तर मास्टर सिलिंडरही तपासावा, कारण कॅलिपरमधल्या पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की त्यांना पुढे सरकायला जास्त ब्रेक ऑइल लागतं आणि जुन्या मास्टर सिलिंडरवर पॅडल पूर्वीपेक्षा खोल जातं.