निगेटिव्ह कुठल्या स्कॅनरवर?

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या मराठी घरांत मुंजी-लग्नांचे अल्बम अजून कपाटात आहेत, नशीब असेल तर निगेटिव्हही. हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती डीपीआय?", म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपायचे? त्याआधी पाहायला हवं ते हे, की उजेड फोटोवर पडून परत येणार आहे की त्यातून आरपार जाणार आहे.

कागदी फोटोवरून उजेड परततो. त्याला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो ठेवायचा स्कॅनर, पुरे, पण त्यातही दोन जाती आहेत. चपट्या, स्वस्त यंत्रातल्या सीआयएस या उजेड टिपणाऱ्या सेन्सरला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. कडा वळलेला फोटो धूसर येतो. जाडजूड यंत्रात सीसीडी हा दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो. 1969 साली बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेला, 2009 चं नोबेल मिळवून देणारा. त्याच्यासमोर आरसे आणि भिंग असल्यामुळे काचेपासून थोडं उचललेलंही स्पष्ट येतं. जुन्या खरखरीत 'सिल्क' कागदावरचे फोटो मात्र दोन्हींना छळतात. दिवा तिरका पडतो आणि प्रत्येक उंचवट्याची सावली उमटते. फोटो काचेवरच अर्धा वळसा (180 अंश) फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन करावा आणि दोन्ही प्रती एकमेकींत मिसळाव्यात. खरखर बरीच कमी होते. कागदी फोटोला 300 डीपीआय पुरतात, मोठा करायचा असेल तर 600. त्यापुढे फक्त कागदाचे तंतू मोठे दिसतात.

निगेटिव्हचं गणित वेगळं, उजेड तिच्यातून आरपार जातो. 35 मिमी फिल्मची चौकट जेमतेम 24 × 36 मिमी, म्हणून इथे डीपीआय खरंच लागतात: 4000 ला सुमारे 2 कोटी 10 लाख पिक्सेल मिळतात. पण खोक्यावर 6400 छापलेला घरगुती फ्लॅटबेड प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील देत नाही, तो आकडा विसरलेला बरा. खरी परीक्षा दाटपणाची. फिल्मची घनता 3 असेल तर हजारातला एक भाग उजेड पार होतो, 4 असेल तर दहा हजारातला एक. स्लाइडमधल्या, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक फिल्ममधल्या, काळ्या सावल्या सगळ्यात दाट. तिथे फ्लॅटबेड नुसता काळा चिखल दाखवतो, फक्त फिल्मसाठीच बनवलेला फिल्म स्कॅनर बरंच काही वाचवतो. ड्रम स्कॅनर त्याहून पुढचा. फिरत्या नळकांड्यावर फिल्म चिकटवून अगदी मंद उजेडही टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी एकेक ठिपका वाचते. 1957 मध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात नेला तोही फिरत्या ड्रमवरूनच, अवघ्या 176 × 176 ठिपक्यांत. घरच्या अल्बमसाठी ड्रमचा खर्च मला तरी उधळपट्टीच वाटते.

फिल्म स्कॅनरमधली धूळ काढायची सोय अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) किरणांवर चालते. रंगीत फिल्मचे रंग ते किरण जाऊ देतात, धूळ अडवते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही अडवते, मग यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसू लागतं. तिथे ती सोय बंदच ठेवावी. लाला दीनदयाळ 1874 मध्ये इंदुरात बांधकाम खात्यात असताना फोटोग्राफीकडे वळले, त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हनाही हेच लागू. अशी प्लेट घरात निघाली तर झाकणात दिवा असलेला मोठा फ्लॅटबेड शोधावा, तिची पातळ थर असलेली बाजू ओल्या कापडाने कधीच पुसू नये, धूळ हाताच्या ब्लोअरने उडवावी.