वरण शिजेना, त्यात बोरचा काय दोष?

मागच्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या एका मळ्यात वरण-बट्टीचं जेवण होतं. वांग्याची भाजी घोटून तयार, बट्ट्या तळून परातीत पडलेल्या, आणि आचारी मात्र डाळीच्या पातेल्यापुढे रवी घेऊन हताश उभा. दोन तास जाळ लावूनही तुरीचे दाणे अख्खेच. "बोरना पाणीमा डाय शिजत नई, भाऊ," असं म्हणून त्याने गावातून नळाच्या पाण्याचे चार कॅन मागवले आणि नवी डाळ चढवली. पंगत साडेतीनला बसली. तोवर पाहुण्यांमध्ये बोरच्या पाण्याने मुतखडा कसा होतो यावर भरपूर चर्चा झाली. ती ऐकूनच हा लेख लिहायला घेतला.

बोरचं पाणी जड असतं. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी म्हणजेच आपलं जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. हे कुठल्या कारखान्यातून येत नाही. पावसाचं थेंबभर पाणी जमिनीत मुरतं तेव्हा मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून साठलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, मातीतल्या हवेत त्याच्या दहा-वीस पट सहज. पाणी किंचित आम्लधर्मी होतं, म्हणजे साधारण पातळ सोडावॉटर. ते काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांना आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या काळ्या पाषाणाला हळूहळू खातं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ दगडाच्या संगतीत, तितकं जड. धरणात साठलेलं पाणी बहुतांशी जमिनीवरून वाहून आलेलं, त्याला एवढा वेळ मिळालेला नसतो. म्हणून वाघूर धरणाचं पाणी पिणाऱ्या जळगावकराचं वरण तासाभरात होतं आणि मळ्यातलं होत नाही.

आता डाळीकडे वळतो, कारण मला खरी गंमत तिथे वाटते.

डाळीचा दाणा म्हणजे लाखो पेशींची भिंत. विटा म्हणजे पेशी, आणि दोन विटांमधला चुना-गारा म्हणजे पेक्टिन. पेक्टिन ही साखरेसारख्या रेणूंची लांबच लांब माळ. तिच्या मण्यांवर जागोजागी ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन माळा खरं तर एकमेकींना दूर ढकलतात. कॅल्शियमवर मात्र दोन धन भार. तो दोन माळांच्या मध्ये जाऊन बसतो आणि एक हात या माळेला, एक हात त्या माळेला देतो. नागमोडी माळांच्या खाचांत असे कॅल्शियम ओळीने बसले की चित्र अंड्यांच्या ट्रेसारखं दिसतं, आणि शास्त्रज्ञ त्याला खरोखरच 'अंड्यांची पेटी' म्हणतात. डाळ शिजणं म्हणजे हा गारा विरघळून पेशी सुट्या होणं. कॅल्शियमने गाठी मारल्या की गारा विरघळत नाही. मग कितीही शिट्ट्या घ्या, दाणा दाणाच राहतो. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात ते याचसाठी. पाकात उकळूनही फोड करकरीत राहते. हलवायाला जे हवं असतं तेच आचाऱ्याला नको असतं, एवढाच फरक.

यात आणखी एक पेच आहे. डाळीत स्वतःचंही कॅल्शियम असतं, पण ताज्या डाळीत फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. डाळ उष्ण, दमट कोठीत वर्षभर पडली की फायटेट तुटत जातं, कॅल्शियम मोकळं सुटतं आणि शिजवताना पेक्टिनला जाऊन चिकटतं. म्हणजे जुनी तूर आणि बोरचं पाणी एकत्र आले की आचाऱ्याची परीक्षाच.

खायचा सोडा दोन बाजूंनी काम करतो. त्याच्या अल्कधर्मीपणामुळे पेक्टिनच्या माळा लवकर तुटतात, आणि पाण्यातलं काही कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतं. मात्र चिमूटभरच घालावा, जास्त झाला तर ब१ जीवनसत्त्व जातं आणि वरणाला साबणासारखी चव येते. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही, हा समज मात्र उलटा आहे. मिठातलं सोडियम कॅल्शियमला जागेवरून हुसकावतं. चिंच-आमसूल नंतर घालायची पद्धत बरोबर, कारण आम्लात पेक्टिन टणक राहतं.

माझा भाचा मालदीवच्या राजधानीत, मालेला, हॉटेलात कामाला आहे. शहर म्हणजे समुद्रातलं एक चिमुकलं बेट. नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी तिथे पिण्याचं पाणी पोचवलं होतं. तर भाच्याची पहिली तक्रार अशी, "मामा, इथलं पाणी खराब आहे, अंगावरचा साबण निघतच नाही." समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला ६००० मिलिग्रॅमच्या वर, पण आरओच्या पडद्यातून गेल्यावर त्यातला जवळपास काहीच उरत नाही. आमच्याकडे कॅल्शियम साबणाला पकडून त्याची चिकट साय करतं, बादलीच्या कडेला दिसते ती. तिथे पकडायला कोणी नाही, म्हणून साबण त्वचेवर रेंगाळतो आणि अंग बुळबुळीत लागतं. पाणी खराब नाही, पोरगा जड पाण्यावर वाढलेला आहे.

मुतखड्याचं काय? बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात, तर गिझरच्या कॉइलवर जमतो तो कॅल्शियम कार्बोनेट. दोन्हींत कॅल्शियम आहे, म्हणून ते एकच नव्हेत. जड पाण्याने खडे होतात असा ठोस पुरावा नाही. उलट अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला अडवतं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात केळीच्या बागेत दिवसभर राबून तांब्याभर पाणी पिणं, हे कारण कितीतरी जवळचं आहे.

या भीतीवर धंदा चालतो तो आरओ विक्रेत्याचा. एक जण माझ्याकडेही आला होता. दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवल्या. मशीनचं पाणी स्वच्छ राहिलं, आमच्या बोरचं मिनिटभरात गढूळ, तपकिरी. "काका, हे तुम्ही पिता." मी आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या लावायला सांगितल्या. तोही तपकिरी झाला. ती घाण पाण्यातली नसतेच, कांडीचं लोखंड गंजून उतरतं. क्षार नसले की वीज वाहत नाही आणि लोखंड गंजत नाही, एवढीच जादू. पाइपाला चुंबक बांधून क्षार घालवणारेही त्याच माळेतले.

भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. बोरच्या पाण्यात तपासायचंच असेल तर खतांतून झिरपणारं नायट्रेट तपासा, त्याची मर्यादा ४५. आणि जिवाणूंसाठी तपासणीची बाटली मागा, पाण्यात जिवाणू असले की काळी पडते ती. यातलं काहीही टीडीएस मीटरला, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्राला, कळत नाही. तुरटीने गाळ बसतो, जडपणा नाही.

राहिलं वरण. गेल्या आठवड्यात मी तीन वाट्यांत एकाच डब्यातली डाळ भिजवली. एकीत बोरचं पाणी, दुसरीत तेच पाणी वीस मिनिटं उघड्यावर खळखळ उकळून, थंड करून, वरची निवळी, तिसरीत आरओचं. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना तळाशी बसतो, पण सगळा नाही. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला जडपणा तसाच राहतो. तिन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये, चार शिट्ट्या. तिसरीला रवी लावावी लागली नाही, दुसरी दोनदा फिरवल्यावर एकजीव झाली. पहिली बायकोने चाळणीत ओतली, कांदा-मिरची परतून त्याची सुकी डाळ केली आणि भाकरीबरोबर वाढली.